चाक मऊ, काँक्रीट कडक

काँक्रीट घासायचं काम करत होतो असं सांगितलं की ऐकणारा क्षणभर थांबतो. काँक्रीट ओतायचं म्हणायचं असेल, याची जीभ घसरली, असं त्याला वाटतं. मग मी पुन्हा सांगतो की ओतलेलं, वाळलेलं काँक्रीट घासायचं, आणि तेही हिऱ्याच्या चाकानं. हिरा हा शब्द आला की मात्र खुर्ची जवळ ओढली जाते. माझ्या व्याह्यांनीही ती ओढली होती, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, घासताना हिरे खाली पडले तर ते कुणाचे?

त्यांना हसण्यात अर्थ नाही. हाच प्रश्न मला पूर्वी देहूजवळच्या एका गिरणीवाल्यानं विचारला होता, आणि तो नुसता विचारून थांबला नव्हता.

बासष्ट साली मी चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूमला लागलो. लेथवर, मिलिंगवर लोखंड कापणाऱ्या हत्यारांना धार लावायची, हे माझं काम. साध्या पोलादाच्या हत्याराला साधा दगड चालतो, पण कार्बाइडच्या हत्याराला हिऱ्याचंच चाक लागतं. ते चाक कपाटात कुलपात असायचं आणि सही करून घ्यावं लागायचं. बारा वर्षं मी ती सही केली. चौऱ्याहत्तर साली पक्की नोकरी सोडली. कारण फार मोठं नव्हतं, दुसऱ्याच्या हत्याराला धार लावण्याचा कंटाळा आला होता. वडील स्वतः पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात होते. कंपनीचा बिल्ला म्हणजे त्यांच्या दृष्टीनं घराचा पाया. तो मी परत केला म्हणून ते कित्येक महिने माझ्याशी बोलले नाहीत. आईकडून निरोप यायचे.

मी मोझॅक फरशी घासायचं एक जुनं मशीन घेतलं. त्या वेळी पिंपरी-चिंचवडला नव्या वसाहती उभ्या राहत होत्या आणि प्रत्येक खोलीत मोझॅक होतं. मशीनच्या पोटाखाली तीन काळे दगड फिरतात, पाणी सोडत राहायचं, आणि फरशीतून निघालेला पांढरा गाळ मागून कुणीतरी भरत राहायचा. माझ्याकडे गाळ भरायला शेवंताबाई होत्या. पिंपळे गुरवच्या. नवरा फाउंड्रीत, घरी तीन मुली. वयानं माझ्याएवढ्याच असतील. बोलायच्या कमी. गाळ पाटीत भरताना बोटांत चोळून बघायची त्यांना सवय होती. मला वाटायचं, हाताचा चाळा आहे.

मोझॅकला काळे दगड पुरतात. पण पुढे कारखान्यांतून काँक्रीटची कामं विचारली जाऊ लागली, आणि काँक्रीटवर ते दगड साबणाच्या वडीसारखे विरघळायचे. तेव्हा मला कपाटातलं कुलपातलं चाक आठवलं. मुंबईत अंधेरीला हिऱ्याची हत्यारं करणारे एक शहासाहेब होते. त्यांच्याकडून मी माझ्या मशीनला बसेल असं वाटीच्या आकाराचं चाक करून घेतलं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं की हिऱ्याचं चाक म्हणजे काय. आमचा हिरा अंगठीतला नव्हे. रव्याच्या कणाएवढा, मळकट पिवळा. असे कण धातूच्या भुकटीत मिसळतात, दाबून भट्टीत भाजतात, आणि त्याच्या वड्या वाटीच्या काठावर डाख देऊन बसवतात. कापतो तो हिरा. धातूचं काम दोनच, हिरा धारदार आहे तोवर त्याला घट्ट धरायचं, आणि तो बोथट झाला की सोडून द्यायचं, म्हणजे मागचा नवा कण पुढे येतो. म्हणून चाक निवडताना हिऱ्याकडे कुणी बघत नाही, धातू कडक घ्यायचा की मऊ, हे बघतात. साऱ्या धंद्याची मेख तिथे आहे, आणि मी ती दोनदा ठेचकाळून शिकलो.

पहिली ठेच गिरणीत लागली. देहूजवळ आप्पा म्हणून एक गिरणीवाले होते. त्यांच्या गिरणीतल्या जमिनीवर पोत्यांची गाडी अडखळायची, म्हणून जमीन घासून हवी होती. काँक्रीट कच्चं होतं, वाळू जास्त आणि सिमेंट नावाला. मी विचार केला, कच्च्या कामाला मऊ चाक पुरेल. दुपारच्या जेवणापर्यंत चाक छान चाललं, आणि संध्याकाळी उचलून बघतो तर वाटीच्या काठावर वड्या उरल्याच नव्हत्या. वाळूनं मऊ धातू खाऊन टाकला होता. धारदार हिरे धरायला काही उरलं नाही म्हणून तेही गाळात गेले. मी कपाळाला हात लावून बसलो होतो, तेव्हा आप्पांनी विचारलं की मग ते हिरे आता कुठे आहेत. मी खरं ते सांगितलं, गाळात. आप्पांनी तो गाळ बाहेर टाकू दिला नाही. पिंपं भरून ठेवली आणि पुढे महिनाभर घरातली माणसं पिठाच्या चाळणीनं तो गाळ चाळत होती असं ऐकलं. हिरा कुणाला मिळाला नाही. पण जमीन चांगली झाली, त्याबद्दल आप्पा आजन्म माझी तारीफ करत राहिले.

त्या दिवशी मी मनाशी गाठ बांधली की यापुढे काँक्रीटवर कडकच चाक. अर्धवट शिकलेला धडा न शिकलेल्यापेक्षा जास्त त्रास देतो, हे मला अठ्ठ्याहत्तर साली भोसरीत कळलं.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एक नवा कारखाना उभा राहत होता. गिअरबॉक्सची घरं, म्हणजे बाहेरची लोखंडी कवचं, एका टोकाला कच्ची घालायची आणि दुसऱ्या टोकाला तयार काढायची, असं लांबलचक मशीन त्यांनी आणलं होतं. ते बसवण्यासाठी काँक्रीटचा सत्तर फूट लांब आणि आठ फूट रुंद बेड ओतला होता. मशीन बसवायला बंगलोरहून श्रीनिवासन नावाचे गृहस्थ आले. त्यांनी बेडवर लांब पोलादी पट्टी ठेवली, तिच्याखालून उजेड बघितला आणि खोकी उघडायलाच नकार दिला. बेड काही ठिकाणी दोन दोन सूत उंच होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. श्रीनिवासन म्हणाले, पट्टीखालून पोस्टकार्ड सरकलं तर मी मशीन चढवणार नाही.

कारखान्याचे बांधकाम बघणारे देवधरसाहेब पन्नाशीचे, सरळ मनाचे गृहस्थ होते. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करून मशीन बेडवर चढवायचं, असं त्यांनी मालकांना कबूल केलं होतं. चाळीस कामगार भरती होऊन मशीनची वाट बघत बसले होते. बेड फोडून पुन्हा ओतायचा म्हणजे तो पिकायला महिना हवा, आणि खंडेनवमी बारा दिवसांवर होती. देवधरसाहेब आमच्या गाळ्यावर आले तेव्हा त्यांच्या बुटांवर सिमेंट होतं आणि दाढी वाढलेली होती. त्यांनी मला एवढंच विचारलं की बारा दिवसांत होईल का. मी हो म्हणालो. कारखान्याचं एवढं मोठं काम माझ्याकडे प्रथमच येत होतं, आणि वडिलांच्या कानावर काही चांगलं जावं अशी माझी फार इच्छा होती. बेड न बघताच हो म्हणालो, हेही कबूल करतो.

आम्ही कडक चाक घेऊन गेलो. टूलरूममधली एक युक्ती मी वापरली. पोलादी पट्टीच्या खालच्या बाजूला गेरू लावायचा आणि ती बेडवर हलकेच सरकवायची. जिथे बेड उंच, तिथे लाल डाग पडतो. तेवढंच घासायचं, पुसायचं, पुन्हा पट्टी. पहिला अर्धा भाग तीन दिवसांत असा सुरेख झाला की श्रीनिवासन स्वतः गुडघ्यावर बसून हात फिरवून गेले. देवधरसाहेबांनी दाढी केली.

चौथ्या दिवशी आम्ही बेडची मध्यरेषा ओलांडली आणि चाक कापेनासं झालं. आवाज बदलला. घरघर जाऊन नुसती शीळ ऐकू येऊ लागली. मी मशीनवर वजन टाकलं, पाणी वाढवलं, सावकाश चालवलं, भरभर चालवलं. दिवसभरात पोस्टकार्डाएवढंही निघालं नाही. चाक उलटं करून बघितलं तर वड्या आरशासारख्या चकाकत होत्या. पाचवा दिवसही तसाच गेला. चाक कमी पडतंय, आणखी कडक मागवावं, असं मी ठरवलं. सहाव्या दिवशी सकाळी कारखान्याच्या फोनवरून मुंबईला ट्रंक कॉल नोंदवला आणि तो लागण्याची वाट बघत बेडच्या कडेला उभा राहिलो. देवधरसाहेबांनी बेड फोडणाऱ्या ठेकेदाराला संध्याकाळी बोलावलं होतं. मला त्यांनी तसं सांगितलं नव्हतं, पण बाहेर घण उतरवून ठेवल्याचा आवाज मी ऐकला होता.

शेवंताबाई पाटी बाजूला ठेवून माझ्यापाशी आल्या. दोन्ही हातांच्या बोटांवर गाळ होता. म्हणाल्या, "मधुभाऊ, हे तिकडचं काँक्रीट न्हाई."

मी चिडलो. बेड एक, ठेकेदार एक, साहेबांच्या नकाशात माल एक. मी त्यांना म्हटलं की बाई, तुमचं काम तुम्ही करा.

त्या हलल्या नाहीत. "तिकडचा गाळ बोटात कचकच करत हुता. ह्यो बगा, नुसती भाताची पेज हाय. चोळा की."

मी चोळला. खरोखर पेजच होती, दाणा म्हणून नव्हता. मग त्यांनी जवळ पडलेला फळीचा खिळा उचलला आणि पहिल्या अर्ध्या भागावर, अगदी कडेला, ओढला. पांढरी रेघ उठली. तोच खिळा त्यांनी मध्यरेषेपलीकडे ओढला. खिळा घसरला, काँक्रीटवर काही उमटलं नाही.

मी तिथेच बेडवर बसलो. डोक्यात एकदम उजेड पडला आणि मागोमाग लाजही वाटली. कच्च्या काँक्रीटचा गाळ खरखरीत असतो, तो चाकाचा धातू खातो, म्हणून तिथे धातू कडक हवा. कडक काँक्रीटचा गाळ पिठासारखा मऊ निघतो, तो धातूला झिजवूच शकत नाही. मग बोथट झालेले हिरे जागेवरच बसून राहतात, नवे पुढे येत नाहीत, आणि चाक काँक्रीटवरून नुसतं घसरतं. कडक काँक्रीटला मऊ चाक लागतं. लोकांना हे उलटं वाटतं, पण मला तरी वाटायला नको होतं. टूलरूममध्ये चाक असं चकाकलं की मी त्यावर खरखरीत दगडाची कांडी घासून त्याचं तोंड उघडायचो, बारा वर्षं रोज. गिरणीतल्या एका दुपारनं ती सगळी बारा वर्षं माझ्या डोक्यातून पुसली होती.

तेवढ्यात ट्रंक कॉल लागला. मी शहासाहेबांना सांगितलं की तुमच्याकडचा सगळ्यात मऊ धातू घालून चाक करा. त्यांनी दोनदा विचारलं की कडक म्हणायचंय ना. मी म्हटलं, मऊ. ते म्हणाले, तीन दिवस लागतील.

तीन दिवस हात बांधून बसणं शक्य नव्हतं. हातातलं कडक चाकच जागं ठेवायला हवं होतं, आणि मऊ गाळात दाणा नसेल तर तो बाहेरून घालायला हवा होता. मी पाणी अगदी कमी केलं आणि शेवंताबाईंना धारदार, चाळलेली वाळू चाकापुढे टाकायला सांगितलं. पहिल्या मुठीला चाकाची शीळ थांबली आणि ती जुनी घरघर ऐकू आली. मला तो आवाज गाण्यासारखा वाटला.

पण वाळूचं प्रमाण अवघड होतं. जास्त पडली तर चाक संपायचं, कमी पडली तर पुन्हा झोपायचं. मी टाकली तेव्हा दोन्ही झालं. शेवंताबाईंनी टाकली तेव्हा एकदाही झालं नाही. जात्यात दाणे घालतात तशी त्या चिमूट चिमूट वाळू सोडायच्या, कान चाकाकडे लावून. आवाज चढला की हात सुटायचा, उतरला की मिटायचा. मी फक्त हँडल धरून मागे चालत होतो.

दुपारी देवधरसाहेब आले. पट्टी ठेवली, गेरूचे डाग बघितले, बाहेर जाऊन घणवाल्यांना परत पाठवलं. मग आत येऊन त्यांनी मला विचारलं की हे सुचलं कसं. मी म्हणालो, "टूलरूमचा अनुभव, साहेब." शेवंताबाई दोन हात अंतरावर बसून गाळ भरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

ते वाक्य खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. संध्याकाळी मशीन धुताना मी त्यांना म्हटलं की मघाशी तुमचं नाव घ्यायला हवं होतं. त्या म्हणाल्या, चाक चाललं ना, मग झालं. मग म्हणाल्या, "त्यापरीस उद्या हँडल माज्या हाती द्या."

त्या काळी बाईच्या हाती मशीन द्यायची पद्धत नव्हती. कारखान्यातले काही लोक हसतील हे मला माहीत होतं, आणि ते हसलेही. मशीनला झटका असतो, हँडल हातातून सुटलं तर माणसाला फिरवून टाकतं. पहिल्या दिवशी शेवंताबाईंना त्यानं दोनदा ओढत नेलं. तिसऱ्यांदा त्यांनी पदर खोचला, पाय फाकवून उभ्या राहिल्या आणि मशीनला हवं तिकडे जाऊ देत देत हळूच आपल्याकडे वळवलं. मी चार वर्षं मशीनशी झगडून चालवायला शिकलो होतो. त्या त्याच्या कलानं चालवत होत्या. वाळू मी टाकायची असं ठरलं. कधी सोडायची ते त्या मानेनं सांगायच्या.

नवव्या दिवशी एसटीच्या पार्सलनं मऊ चाक आलं. ते लावलं आणि वाळूची गरजच संपली. चाक आपणहून झिजत होतं, आपणहून नवे हिरे पुढे आणत होतं, आणि त्याखालून काळी खडी गुळगुळीत कापून वर येत होती, तिळाच्या वडीसारखी ठिपक्याठिपक्यांची. देवधरसाहेबांनी तोवर चौकशी केली होती. बेड ओतताना मधेच मिक्सर बंद पडला होता. दुसरा अर्धा भाग दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या टोळीनं ओतला, आणि आदल्या दिवशीचा माल पातळ झाला म्हणून घाबरलेल्या मुकादमानं त्यात सिमेंट दामदुप्पट घातलं. हे नकाशात कुठेच नव्हतं. गाळात होतं.

अकराव्या दिवशी श्रीनिवासन पट्टी घेऊन आले. त्यांनी खिशातून खरोखरच एक पोस्टकार्ड काढलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दर हातभर अंतरावर, पट्टीखाली सरकवून बघू लागले. सत्तर फूट. कामगार भिंतीला टेकून उभे होते. देवधरसाहेब खिडकीबाहेर बघत होते. मध्यरेषेपाशी श्रीनिवासन जरा जास्त रेंगाळले, कार्डाचा कोपरा वाकवून पुन्हा बघितला. कुठेच सरकलं नाही. शेवटच्या टोकाला पोहोचल्यावर त्यांनी कार्ड परत खिशात ठेवलं आणि हेल्परला खोकी उघडायला सांगितलं. कामगारांनी टाळ्या वाजवल्या.

त्या बेडनं आम्हाला पुढची सगळी कामं दिली. भोसरी, चिंचवड, आणि ऐंशीनंतर चाकणच्या बाजूला लहान लहान शेड उभ्या राहू लागल्या तेव्हा तिथेही. दुसरं मशीन घेतलं ते शेवंताबाईंचं. गिऱ्हाइकं फोनवर त्यांनाच विचारायची की बाई, आमच्या कामाला चाक कुठलं लागेल. त्या सांगायच्या, आधी खिळा वढून बगा, मग फोन करा. राजगुरुनगरच्या एका थिएटरवाल्यानं तर त्यांना न्यायला मोटार पाठवली होती. माझे वडीलही एकदा काम बघायला आले. खाली वाकून काँक्रीटवर तळहात ठेवला आणि म्हणाले, गार लागतंय. त्यांच्याकडून ही मोठीच पावती होती. मला खंत एकाच गोष्टीची आहे. देवधरसाहेबांच्या कंपनीनं शिफारशीचं पत्र दिलं ते माझ्या एकट्याच्या नावे टाइप झालं होतं, आणि ते बदलून घ्यायचं मला सुचलं नाही. वर्षानुवर्षं ते पत्र गाळ्यात टांगलेलं होतं आणि शेवंताबाई त्याखाली बसून डबा खायच्या.

तोंडानं मात्र मी माझी चूक दुरुस्त केली. बेड तपासल्याच्या दुसऱ्याच दिवशी, खंडेनवमीच्या सकाळी, हॉल झेंडूच्या माळांनी भरला होता. पान्यांना, व्हर्नियरला, लेथला हळदकुंकू लावलं होतं. आमचं मशीनही धुऊन पुसून ठेवलं होतं. मालक आले होते, चाळीस कामगार नवे कपडे घालून उभे होते, आणि मशीनचा पहिला भाग क्रेनला लटकलेला होता. देवधरसाहेबांनी मला पुढे बोलावलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं माझं कौतुक केलं आणि माझ्या हातात नारळ दिला. म्हणाले, बेड तुम्ही वाचवलात, तुम्हीच फोडा.

मी नारळ घेतला, पण फोडला नाही. मग मी म्हणालो, "साहेब, तुम्ही विचारलंत तेव्हा मी पूर्ण सांगितलं नाही. हा बेड दोन तऱ्हेचा आहे, हे मला कळलं नव्हतं. मी तर आणखी चुकीचं चाक मागवत होतो. गाळावरून ओळखलं ते शेवंताबाईंनी. हा शेवटचा अर्धा भागही त्यांच्याच हातचा आहे."

शेवंताबाई मागे, बायकांच्या घोळक्यात होत्या, हिरवं नवं लुगडं नेसलेल्या. देवधरसाहेबांनी माझ्या हातातून नारळ काढून घेतला, गर्दीतून वाट काढत मागे गेले आणि तो दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. म्हणाले, "ताई, या."

शेवंताबाई नारळ घेऊन बेडपाशी आल्या. गुरुजींनी बेडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं, इथे फोडा. त्यांनी वाकून तो कोपरा बघितला, त्यावरून एकदा हात फिरवला आणि सरळ उभ्या राहिल्या.

"हितं न्हाई फोडायचा," त्या म्हणाल्या. "टवका उडंल."

आणि कुणाची वाट न बघता त्या नारळ घेऊन हॉलबाहेर निघाल्या, फाटकाजवळच्या एका ओबडधोबड दगडाकडे. त्यांच्यामागे गुरुजी, मालक, देवधरसाहेब, श्रीनिवासन, चाळीस कामगार आणि मी, असे सगळे मुकाट चालत गेलो.